हळदीच्या शेडमधले रविवार

फाल्गुन लागला की शिरपूरच्या रस्त्याने जाताना शिजत्या हळदीचा वास येतो. कच्च्या हळदीचा वास वेगळा, लग्नात अंगाला लावतात तिचाही वेगळा. हा वास ओल्या मातीसारखा, थोडासा उकडलेल्या रताळ्यासारखा, आणि शेवटी कडसर. वावरात ट्रॅक्टरने आणलेला बॉयलर उभा असतो, वाफेचे लोट निघत असतात, तोंडाला पदर बांधलेल्या बाया घमेल्याघमेल्याने हळद ओतत असतात. एसटीतली माणसं मुद्दाम खिडक्या उघडतात. परवा शेजारी बसलेली कॉलेजातली मुलगी डोळे मिटून म्हणाली, "किती मस्त वास येऊन राह्यला ना, काकू!" मी हो म्हटलं आणि पिशवीत काहीतरी शोधू लागले. पिशवीत शोधण्यासारखं काहीच नव्हतं.

मी आता वाशिमला मुलाकडे राहते. रविवारी मात्र गावी जाते, उपासनेला. आमचं गाव शिरपूरपासून थोडं पुढे, रस्त्याला लागूनच. ख्रिस्ती घरं थोडी, पण आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं धरून देऊळ भरायचं. चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. आमचे पाळकसाहेब अमरावतीकडचे, तरुण. ते आले तेव्हा 'चर्च' म्हणायचे. म्हाताऱ्यांनी त्यांना हळूहळू देऊळ म्हणायला शिकवलं.

ते जुनं देऊळ मिशनच्या काळातलं. जाड मातीच्या विटांच्या भिंती, वर सागवानी वासे, त्यावर कवेलू, म्हणजे कौलं. उन्हाळ्यात आत गेलं की माठाजवळ बसल्यासारखं वाटायचं. ते जळालं तेव्हा नाताळच्या पताकाही उतरवायच्या राहिल्या होत्या. सोमवारची दुपार होती. माणसं वावरात, पोरं शाळेत, मी अंगणवाडीत. छतावरून गेलेली जुनी वायर पेटली, असं नंतर वायरमन म्हणाला. मी धावत पोचले तेव्हा कवेलू फुटून उडत होते, भट्टीतल्या लाह्यांसारखे. आणि सागवान जळण्याचा वास तर इतका चांगला होता, की त्याचीच भीती वाटली.

देवळाच्या कुंपणाला लागून किसनभाऊंचा मळा. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि एका तुकड्यात हळद. मुली लग्न होऊन गेलेल्या, नवरा-बायको दोघंच राबायचे. त्यांची बायको अंजनामावशी. त्या दुपारी भाजीच्या वाफ्यात सोडलेलं पाणी किसनभाऊंनी तसंच देवळाकडे वळवलं. पाइप खांद्यावर घेऊन ते कुंपण ओलांडून आले, आणि मावशी मोटर बंद पडू नये म्हणून विहिरीजवळ उभी राहिली. वाशिमहून अग्निशामक गाडी आली तोवर आग निवत आली होती. छत गेलं, बाकं गेली, बायबलं, गीतांची पुस्तकं, सगळं गेलं. भिंती तेवढ्या राहिल्या. काळ्या, ओल्या, आणि वरती उघडं आकाश.

पुढच्या रविवारी आम्ही सगळे नेहमीच्या वेळी आलो. कुठं जायचं कोणालाच सुचलं नाही, म्हणून आलो. बाहेर उभे राहिलो. पाळकसाहेबांनी कशीबशी प्रार्थना उरकली. तेवढ्यात किसनभाऊ कुंपणापाशी आले.

"काहून उभे राह्यले अठी उन्हात? शेड रिकामंच हाय आमचं. बसा तठी."

"एक-दोन रविवारांचाच प्रश्न आहे," पाळकसाहेब म्हणाले.

"मी कुठी मोजून राह्यलो?"

शेड टिनाचं. त्यात हळद ठेवायची, कांदे ठेवायचे, ठिबकच्या नळ्यांची वेटोळी. मावशीने तासाभरात झाडून घेतलं. भिंतीवर देवीचं कॅलेंडर होतं, किसनभाऊ ते काढायला लागले. पाळकसाहेबांनी त्यांचा हात धरला. "राहू द्या भाऊ. घर तुमचं आहे."

"बरं. मंग देवीले सांगतो, रईवारी पाहुने येतेत म्हनून."

ते रविवार. आता आठवले की वाटतं, आमच्या मंडळीचे सगळ्यांत चांगले रविवार तेच होते, आणि असं वाटण्याचीही लाज वाटते. जमिनीत वर्षानुवर्षांची हळद मुरलेली. आमच्या पांढऱ्या साड्यांचे काठ पिवळे व्हायचे, पोरांचे गुडघे पिवळे. प्रार्थनेत सगळे डोळे मिटून बसले की नेमकी वीज यायची आणि मोटर धडधडायला लागायची. प्रवचन लांबलं तर उंबऱ्याशी मेथी निवडत बसलेली मावशी आपलं आपल्याशी, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "लय झालं आता. पोट्टे भुकेले असतीन." पाळकसाहेब हसून आवरतं घ्यायचे. आमचं एक गाणं तिला आवडायचं, नदीचं. त्याचे शब्द तिला येत नव्हते, पण चाल अशी पक्की बसली होती की आम्ही चुकलो तर ती मान हलवायची.

"आता ते नदीचं म्हना ना," ती म्हणायची. आणि आम्ही म्हणायचो.

उपकार घेण्याचीही माणसाला सवय होते. पहिल्या रविवारी आम्ही शेडच्या दारात चपला ओळीने काढून ठेवल्या होत्या. महिन्याभराने त्या कुठेही पडलेल्या असायच्या. एक-दोन रविवार कधीच होऊन गेले होते. कोणाची तरी जुनी बाकं मिळाली, ती शेडमध्ये आली. बांधकाम सुरू झालं. माझे यजमान शमुवेल त्या कामावर लक्ष ठेवायचे, मीही कमिटीत होते. देवळाच्या जागेला छप्पर नव्हतं, तेव्हा सिमेंट ठेवायचं कुठं? शेडमध्ये. एका ट्रॅक्टरचं ठेवलं, मग दुसऱ्याचं. सळया, लाकडी फळ्या, रंगाचे डबे. पाहता पाहता शेडचा मागचा अर्धा भाग आमच्या सामानाने भरला, आणि पुढच्या अर्ध्यात आम्ही बसायचो.

आणि मग हळदीचा हंगाम आला.

किसनभाऊंनी हळद खणली, शिजवली, शेडसमोरच्या मोकळ्या जागेत वाळत घातली. शिजवलेल्या हळदीला नंतर दहा-पंधरा दिवस कडक ऊन लागतं. रोज पसरायची, रोज वरखाली करायची. त्या दिवसांत आभाळ भरून आलं की शेतकरी ती गोळा करून शेडमध्ये घेतो. शेड असतं ते त्यासाठीच. मी शेतकऱ्याची मुलगी. हे मला कोणी सांगायला नको होतं. उपासनेला येताना त्या पिवळ्या पसाऱ्याला वळसा घालून, पदर सांभाळत आम्ही आत जायचो. तरी कमिटीत एकदाही कोणी म्हटलं नाही, की बाबा, आता त्यांना शेड लागेल, विचारून तरी घेऊ. मीही म्हटलं नाही. विचारलं असतं तर किसनभाऊ 'राहू द्या' म्हणाले असते, हे ठाऊक होतं. आणि ते 'राहू द्या' कानांनी ऐकल्यावर आम्हाला झोप लागली नसती. न विचारता मात्र लागत होती.

त्या शनिवारी दिवस कलताना आभाळ आलं. मोबाइलवर सकाळपासून अवकाळी पावसाचे संदेश फिरत होते, पण असे संदेश दर आठ दिवसांनी येतात. वारा सुटला तशी मी, शमुवेल आणि पाळकसाहेब शेडकडे धावलो. मला आज स्वतःला हळदीसाठी धावलो असं सांगायला आवडलं असतं. आम्ही सिमेंटसाठी धावलो होतो.

पोचलो तर वाऱ्याने शेडचं मागचं एक टीन उचकटलं होतं, आणि पाणी बरोबर सिमेंटच्या थैल्यांवर पडायला लागलं होतं. बाहेर किसनभाऊ आणि मावशी, दोघंच. एक ताडपत्री त्यांनी कशीबशी हळदीच्या अर्ध्या भागावर ओढून कडांवर दगड ठेवले होते. दुसरी ताडपत्री मावशीच्या हातात होती. उरलेल्या अर्ध्या भागासाठी. तिने शेडमध्ये पाहिलं, आमची धांदल पाहिली. मग ती तशीच आत आली.

"घ्या. सिमेंट भिजलं त गोटा होते."

"अन् हयद?" शमुवेल म्हणाले.

"हयद वायते परत. घ्या म्हनते ना!"

हळद परत वाळते, हे खरं आहे. पण शिजवून अर्धी वाळलेली हळद भिजली की रंग जातो, आतून काळी पडते, बुरशी धरते. मावशीला हे माहीत होतं. मलाही माहीत होतं. आम्ही दोघी एकमेकींकडे पाहत होतो, आणि दोघींना हे माहीत आहे हेही दोघींना माहीत होतं. मी हात पुढे केला. ताडपत्रीचं एक टोक मी धरलं, दुसरं पाळकसाहेबांनी, आणि आम्ही ती सिमेंटवर अंथरली. नीट, चारी बाजूंनी खोचून. बाहेर टपोरे थेंब पडत होते आणि पिवळं पाणी अंगणातून वाहत रस्त्याकडे चाललं होतं. किसनभाऊ घमेल्याने भिजकी हळद ओढत होते. मग आम्हीही गेलो, ओंजळींनी गोळा करू लागलो. पण तोवर जे व्हायचं ते झालं होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. लख्ख ऊन. आम्ही शेडमध्ये बसलो. उंबऱ्यावर मावशी नव्हती. ती बाहेर अंगणात ओली हळद वरखाली करत होती. फावड्याचा खरड-खरड आवाज आत ऐकू येत होता. उपकारस्तुतीची प्रार्थना एलियाकाकांनी केली. एलियाकाका आमच्या मंडळीतले सगळ्यांत जुने वडील, सत्तरीच्या पुढचे, मनाने लहान मुलासारखे. नेहमी बोलतात आमच्यासारखंच वऱ्हाडी, पण देवाशी बोलताना त्यांची भाषा पुस्तकातली होते.

"हे दयाळू पित्या, काल वादळात तू आमचे सिमेंट राखलेस. एकही थैली वाया जाऊ दिली नाहीस. आम्ही तुझे उपकार मानतो."

"आमेन," सगळे म्हणाले. मीही म्हणाले. सवयीने, आणि मोठ्याने.

बाहेरचा आवाज थांबला.

किती वेळ थांबला असेल कोण जाणे. शेडमध्ये कोणी कोणाकडे पाहिलं नाही. मी भिंतीकडे पाहिलं, तर तिथे देवीचं कॅलेंडर. मग खाली जमिनीकडे पाहत बसले. पुन्हा खरड-खरड सुरू झाली तेव्हा मी मान वर केली. त्या दिवशी नदीचं गाणं कोणी मागितलं नाही, आणि आम्हीही म्हटलं नाही.

आजही आमेन म्हणताना मी किंचित थांबते. शेजारच्या बायांना वाटतं, मी मनापासून म्हणते म्हणून थांबते.

उपासनेनंतर आम्ही बाया हळद पसरायला गेलो. मावशीने नको म्हटलं नाही, या म्हटलं नाही. चार-पाच दिवसांत भिजलेल्या हळदीवर करडी बुरशी चढली. मोडून पाहिली तर आत काळपट. किसनभाऊ ती बाजूला काढायचे आणि काहीच बोलायचे नाहीत. ते बोलले असते तर आमचं सोपं झालं असतं. रागावलेल्या माणसाची समजूत काढता येते. गप्प माणसाची कशी काढणार?

मग पाळकसाहेबांनी ठरवलं, आणि कमिटीने लगेच मान डोलावली: शेड रिकामं करायचं. पुढच्या रविवारी सकाळीच सगळे जमलो. बाकं, सळया, फळ्या, थैल्या, सगळं ट्रॉलीत भरायला लागलो. सगळ्यांच्या हातात इतकी चपळाई होती! आपण काहीतरी चांगलं करतोय असं बऱ्याच दिवसांनी वाटत होतं. शेवटची ट्रॉली भरत असताना किसनभाऊ वाशिमच्या बाजारात भाजी टाकून परतले. गाडीवरून उतरलेसुद्धा नाहीत.

"काहून नेऊन राह्यले? मी म्हटलं का काही?"

"भाऊ, तुमचं नुकसान झालं आमच्यामुळे," पाळकसाहेब म्हणाले. "आता आम्हाला इथं बसवत नाही."

"तुमाले बसवत नाही!" किसनभाऊ म्हणाले.

मावशी दारात उभी होती. ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "तुमाले शरम वाटते म्हनून तुमी चालले, सरोज. आमाले इचारलं का? हयद त गेलीच. आता शेडही सुनं करून चालले."

खरंच, आम्ही विचारलं नव्हतं. राहतानाही नाही, निघतानाही नाही. दोन्ही वेळा आम्ही फक्त आमच्याच मनाचं पाहिलं होतं. ट्रॉली निघाली. मी तिच्यामागून चालत गेले, मागे वळून पाहिलं नाही.

त्या उन्हाळ्यात आम्ही जळक्या भिंतींच्या मधोमध छत्र्या उघडून उपासना केली. पावसाळ्यात शाळेच्या ओसरीत. जळक्या भिंतींच्या बाहेरून नव्या भिंती वर चढत होत्या, आणि नव्या विटकामाला रोज पाणी मारावं लागायचं. पाणी कुठून येणार? एके दिवशी सकाळी पाहिलं तर किसनभाऊंचा पाइप कुंपणावरून अलीकडे टाकलेला, पाणी सुरू. त्यांच्या वांग्यांची पानं दुपारी मलूल व्हायची, ते आम्हाला दिसायचं. ते पाइप टाकून जायचे, संध्याकाळी ओढून घ्यायचे. बोलायचे नाहीत. शमुवेलनी एकदा चहाला हाक मारली तर हात हलवून निघून गेले. आमच्या देवळाच्या प्रत्येक भिंतीत ते पाणी आहे. जून उलटला तेव्हा त्यांच्या हळदीच्या तुकड्यात सोयाबीन उगवलेलं दिसलं. 'यंदा हळद का नाही' असंही कोणी विचारलं नाही.

आता देऊळ छान आहे. छताला लोखंडी कैच्या, वर रंगीत पत्रे, खाली गुळगुळीत फरशी, पंखे. बाहेरगावचे पाहुणे म्हणतात, जळालं ते एका अर्थी बरंच झालं. हे खोटं नाही, आणि म्हणूनच ऐकवत नाही.

देऊळ देवाला अर्पण करायचा सोहळा त्याच वर्षी नाताळच्या आधी झाला. अकोल्याहून, वाशिमहून मोठी माणसं आली. मंडप, जेवण, भाषणं. किसनभाऊंना स्टेजवर बोलावून शाल-श्रीफळ दिलं. "ज्यांनी मोठ्या मनाने आपलं शेड दिलं," असं माइकवरून म्हणाले, आणि टाळ्या वाजल्या. हळदीचा शब्द कोणी काढला नाही. किसनभाऊ शालीची घडी मांडीवर धरून, चावी हरवलेल्या माणसासारखे इकडेतिकडे पाहत बसले. मावशी आलीच नव्हती. "आंग दुखून राह्यलं म्हने तिचं," एवढंच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडे गेले. सोहळ्यातले लाडू डब्यात घेतले होते. रस्ताभर मी वाक्यं जुळवत होते. मावशी ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होती. तिने डबा घेतला, बाजूला ठेवला. मी बसले, आणि जुळवलेलं सगळं विसरून म्हणाले, "मावशी, आमी चुकलो."

मला वाटलं ती म्हणेल, जाऊ दे. म्हणेल, तसं काही नाही वो. आपल्याकडे असंच म्हणतात. मी ते ऐकायलाच गेले होते, हे मला तिथं बसल्यावर कळलं.

"हाव," ती म्हणाली. "चुकले तुमी."

शेंगा सोलणं चालूच होतं.

"ताडपत्री मी देल्ली. ते माह्या मनानं देल्ली, त्याचं काही नाही. पन दुसऱ्या दिवशी तुमी देवाचे आभार मानले. सिमेंट वाचलं म्हनून. मी बाहेर उभी होती. माहं नाव नको घ्याले होतं. पन हयद गेली, एवढं त सांगाचं ना त्याले. त्याले माईतच नाही पडलं."

मला रडू यायला लागलं. तिने थांबवलं नाही.

"वाट पाहली म्या. कोनीतरी येऊन म्हनन. शाल आनली, नारय आनला. चुकलो म्हनून कोनी आलंच नाही. मंग माफ तरी कायले करू? अन् कोनाले?" मग तिने शेंगांचं सूप माझ्याकडे सरकवलं. "सोल. मी चहा ठेवते."

घरी येऊन शमुवेलना सांगितलं. ते संध्याकाळीच गेले. मग पाळकसाहेब गेले. कसं पसरलं कोण जाणे, पण त्या आठवड्यात मंडळीतलं एकेक माणूस मळ्याकडे जाताना दिसायचं, मान खाली घालून. सगळ्यांना तिने तेच उत्तर दिलं, "हाव, चुकले." आणि सगळ्यांना चहा दिला. चार दिवसांनी किसनभाऊ आमच्या दारात आले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. "सामेल," ते माझ्या यजमानांना हाक मारून म्हणाले, "दूध पुरून नाही राह्यलं घरी. तुमच्या लोकायले सांग, उरलेले सगळे एकाच दिवशी या म्हना."

सगळ्यांत शेवटी एलियाकाका गेले. त्यांना जायला सगळ्यांत जास्त दिवस लागले. ती प्रार्थना त्यांच्या तोंडून निघाली होती, आणि तेव्हापासून सभेत त्यांनी प्रार्थना केली नव्हती. संध्याकाळी मी रस्त्यातच त्यांना गाठलं.

"काय म्हणाली?"

"हाव म्हने. चुकले म्हने." ते धोतराच्या सोग्याने डोळे पुसत होते.

"आणि माफ केलं म्हणाली?"

"नाही म्हनली तसं." ते थोडं पुढे गेले, थांबले. "पन उद्या सकायी या म्हने. वांगे तोडाले मानूस नाही."

दुसऱ्या दिवशी ऊन वर यायच्या आत मी मळ्यात गेले. एलियाकाका माझ्याही आधी आलेले. धोतर खोचून, ओळीत वाकलेले, बोटांना काटे टोचत होते म्हणून वांगी अलगद पिरगाळून काढत होते. बांधावरून मावशी ओरडत होती, "देठासगट तोडा वो, देठासगट! बिनदेठाचं बाजारात कोन घेते?"

मी एक टोपलं उचललं आणि त्यांच्या शेजारच्या ओळीत शिरले.